उजवीकडे टेकलेल्या तारखा

कापणीच्या दिवसांत वारासिवनी मागे पडली की अर्धा रस्ता धानाचा होतो. ताडपत्र्या पसरलेल्या असतात, त्यांच्या कडेला दगड लावलेले असतात आणि बसचा ड्रायव्हर एका शब्दानेही कुरकुर न करता उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून गाडी काढतो. थ्रेशर चालू असलं की भुसा खिडकीतून आत येतो. मानेला खाजतो, ओठांवर बसतो. मी ओढणी डोक्याभोवती गुंडाळून बसते आणि बाहेर बघत राहते. धान कापलेल्या बांध्यांमध्ये बगळे उतरलेले असतात. कुठेतरी मंडईचा मंडप बांधणं चालू असतं, कारण दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असते आणि आता गावोगावी मंडईची जत्रा भरायची असते.

मी आजही या रस्त्याने महिन्यातून एक-दोनदा जाते. एखाद्या आरोग्य केंद्रात संगणकावरचा फॉर्म उघडत नाही, कुठे यादी कोरी येते, कुठे बेरीज जुळत नाही, मग मला बालाघाटहून बोलावतात. बाकी वर्षभर मी हे काम हसतखेळत करते. धान कापणीच्या दिवसांत मात्र जरा गप्प होते. सोबतचे लोक म्हणतात, माधवी मॅडम आज बोलत नाहीत. मी म्हणते, भुशाने घसा धरलाय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी मी खैरलांजीकडच्या एका आरोग्य केंद्रात संगणक ऑपरेटर होते. नोकरी कंत्राटी, वय सत्तावीस, आणि स्वतःच्या हुशारीवर गाढ विश्वास. आमचं घर बालाघाट शहरातलं, आजोबांपासून सरकारी नोकरीतलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मशीनशी बोलायचं ते इंग्रजीत. रोज सकाळची पहिली बस धरून मी केंद्रात जायची. माझ्याकडे परिसरातल्या गरोदर बायकांची नोंद होती. एका डेटाबेसमध्ये मी फॉर्म बनवला होता. नाव, गाव, नवऱ्याचं नाव, रक्ताचं प्रमाण, आधीची बाळंतपणं, आणि शेवटच्या पाळीची तारीख. त्या तारखेत दोनशे ऐंशी दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजी तारीख निघते. एवढाच फॉर्म्युला. दर सोमवारी पुढच्या तीस दिवसांत ज्यांची तारीख आहे त्यांची यादी मी एका शीटवर काढायची. तिच्यावर कौसल्याबाईंची सही व्हायची आणि ती यादी गावोगावच्या आशाताईंकडे जायची.

कौसल्याबाई आमच्या केंद्रातल्या सर्वांत जुन्या नर्स. राजेगावच्या. ठेंगण्या, सावळ्या, चालताना डावा पाय किंचित ओढणाऱ्या. संगणक येण्याआधी त्यांचं सगळं काम एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत होतं. त्या वहीत तारखेच्या शेजारी त्या बाईने जे सांगितलं तेही लिहायच्या. गावातल्या बायका तारीख सांगत नाहीत. त्या सांगतात, नणंदेच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. आंब्याला मोहोर फुटला तेव्हा. पोळ्याच्या आदल्या दिवशी. कौसल्याबाई कॅलेंडर काढून, दोनदा विचारून त्याची तारीख करायच्या, पण मूळ शब्द पुसायच्या नाहीत.

मी त्यांना म्हटलं होतं, "बाई, आता वही कशाला? सगळं मशीनमध्ये आहे."

"हौ का?" त्या म्हणाल्या. "मंग ठेवून देतो कपाटात."

आणि खरंच ठेवून दिली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं.

त्या पावसाळ्यात वीज पडून केंद्रातला जुना संगणक गेला. नोंदींची एक प्रत मी पेन ड्राइव्हवर ठेवली होती, त्याचा मला फार अभिमान होता. दसऱ्याच्या सुमारास नवा संगणक आला. मी त्यात नोंदी भरल्या, यादी काढली आणि पाहते तो अर्ध्याहून जास्त बायकांच्या बाळंतपणाच्या तारखेच्या जागी एरर. चौकटीमागे चौकट, नुसता एरर. मग मी शोधायला लागले. शीटमध्ये एक खूण असते, कोणी शिकवत नाही, पण बघता बघता कळते. मशीनला जी तारीख म्हणून कळते ती चौकटीत आपोआप उजवीकडे टेकते. जी कळत नाही ती नुसती अक्षरं म्हणून डावीकडे पडून राहते, आणि अक्षरांत दोनशे ऐंशी मिळवता येत नाहीत. माझ्या अर्ध्याहून जास्त तारखा डावीकडे होत्या.

आठ दिवस मी त्या एक-एक करून दुरुस्त केल्या. दुपारचा डबासुद्धा संगणकासमोर खाल्ला. शेवटचा एरर गेला आणि सगळ्या तारखा उजवीकडे ओळीने टेकल्या, तेव्हा मला केवढं समाधान वाटलं. केंद्राचे डॉक्टरसाहेब मागे उभे राहून म्हणाले, "वा मैडम, आपने तो कमाल कर दिया." दिवाळी मी हा मान मिरवतच घालवली.

ज्या तारखा आधीपासून उजवीकडे होत्या, त्यांच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी काही तक्रारच केली नव्हती.

दिवाळीनंतर आमच्या यादीतल्या दोन घरांतून आशाताईंचा निरोप आला की त्या बायका म्हणतात, आम्हाला अजून खूप अवकाश आहे. कौसल्याबाईंनी मला येऊन सांगितलं. मी मान वर न करता म्हटलं, "त्यांना आठवत नसेल, बाई. नोंदीत तर हेच आहे." त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

पुढच्या सोमवारी सकाळी त्या परत आल्या. आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या माझ्या खोलीत बसत नसत.

"पोरी, तुह्या यादीत दुर्गा काहून नाही?"

दुर्गा कोण ते मला माहीत होतं. रामपायलीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. पहिल्या बाळंतपणात तिचं रक्त थांबलं नव्हतं, कशीबशी वाचली होती. तिच्या नावापुढे मी स्वतः लाल रंग भरला होता. यावेळी तारखेच्या आठ दिवस आधी तिला बालाघाटला हलवायचं असं ठरलेलं होतं.

मी तिची नोंद उघडली. "तिची तारीख फेब्रुवारीत आहे, बाई."

"काल मले बाजारात दिसली. भाजी घेऊन राह्यली होती. पोट खाली उतरलं हाय तिचं. फेब्रुवारीवाली बाई आता अशी नाही दिसत."

"अहो पण इथे..."

"मले इथचं नको सांगू. म्या तिले पाह्यलं."

त्या उठल्या, कपाट उघडलं, लाल वही काढली आणि टेबलावर ठेवून पानं उलटू लागल्या. बोट एका ओळीवर थांबलं. मी वाचलं. पाच फेब्रुवारी. आणि शेजारी त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं: शिवरात्रीच्या आठ दिवस आधी.

माझ्या पडद्यावर दुर्गाच्या पाळीची तारीख होती दोन मे. मे महिन्यात कुठली शिवरात्र?

ते समजायला मला क्षणही लागला नाही. नवा संगणक तारीख अमेरिकेच्या पद्धतीने वाचत होता. आधी महिना, मग दिवस. पाच-दोन म्हणजे त्याच्या लेखी पाचव्या महिन्याची दोन तारीख. पंचवीस-दोन आली की पंचविसावा महिना नसतो म्हणून तो अडायचा, एरर द्यायचा. बारा तारखेच्या आतली कुठलीही तारीख मात्र तो बिनतक्रार उलटी करून उजवीकडे टेकवून द्यायचा. जिथे त्याला कळलं नाही तिथे त्याने सांगितलं. जिथे कळलं असं त्याला वाटलं, तिथेच तो चुकला. आणि मीही तशीच चुकले होते.

पाच फेब्रुवारीत दोनशे ऐंशी दिवस मी बोटांवर मिळवले. फॉर्म्युल्यावर विश्वास राहिला नव्हता. बारा नोव्हेंबर. आणि तो दिवस बारा नोव्हेंबरच होता.

कौसल्याबाईंनी एवढंच विचारलं, "गाडी हाय का?"

गाडी होती. आम्ही दोघी निघालो. वाटेत मी सारखी बोलत होते, असं कसं झालं, मी तर सगळं तपासलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता दुर्गापाशी जाऊन राह्यलो ना. तेवढंच ध्यानात ठेव."

दुपार चढली होती. वस्तीवर सगळी माणसं खळ्यात होती. थ्रेशर भाड्याने आणलेलं, त्याचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागे. हवेत भुशाचा पिवळा पडदा. दुर्गा एका बाजूला पोत्यावर बसली होती, एक हात कमरेवर. कपाळावर घाम होता आणि त्याला भुसा चिकटला होता. कौसल्याबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, पोटावर हात ठेवला, तिच्या कानाशी काहीतरी विचारलं. दुर्गाने मान हलवली. पहाटेपासून कळा येत होत्या.

सासू धावत आली. "अव बाई, हिले तं फेब्रुवारीत हाय म्हणे ना? आशाताईनं सांगतलं. तुमच्याच मशीनात तसं हाय म्हणे."

मग दुर्गा माझ्याकडे बघून बोलली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मले तं वाटेच की दिवस भरले. पण तुमीच सांगतलं होतं ना मीटिंगात, मशीन चुकत नाही म्हणून. म्हटलं, माह्यंच चुकलं असन."

मी ते खरंच म्हटलं होतं. गावाच्या चावडीपुढे, हातात माइक घेऊन.

नवरा थ्रेशरजवळून आला. आज मशीन परत द्यायचं आहे, अर्धं धान राहिलं आहे, संध्याकाळी निघालं तर चालणार नाही का, असं तो चाचरत विचारू लागला. सासूने त्याला पुढे बोलू दिलं नाही. पदर खोचत म्हणाली, "धान कुठी पयून नाही चाललं. तू बस गाडीत." आणि घरात जाऊन तिने दोन लुगडी, एक चादर आणि पाण्याची बाटली आणली.

बालाघाटपर्यंतचा तो रस्ता मला वळणावळणाने आठवतो. दुर्गाचं डोकं कौसल्याबाईंच्या मांडीवर. रस्त्यावर धान वाळत घातलेलं, आणि आमची गाडी दिसली की लोक पटापट ताडपत्री ओढून घेत. काही सांगावं लागलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाने हाताने ढीग सारून वाट केली, आणि गाडी गेल्यावर तो तसाच उभा राहून बघत होता. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. वैनगंगेचा पूल आला तेव्हा कौसल्याबाई म्हणाल्या, "आलो पाह्य." आणि दुर्गाने डोळे मिटले.

मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी. रक्त यावेळीही थांबेना. पण ते दवाखान्यात थांबेना, डॉक्टर समोर असताना, रक्ताची बाटली तयार असताना. एक लागली, मग दुसरी. मी बाहेर बाकावर बसले होते आणि सारखा एकच विचार करत होते की हे सगळं त्या खळ्यात, त्या पोत्यावर झालं असतं. अकराच्या सुमारास सासू बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. "झोपली," ती म्हणाली. मग तिने माझ्या केसांतला भुसा काढला. आदल्या दिवसापासून तो तिथेच होता.

मी केंद्रात परतले आणि लाल वही समोर ठेवून बारा तारखेच्या आतली प्रत्येक नोंद तपासली. आणखी सहा बायका अशा निघाल्या ज्यांची वेळ आत्ता होती आणि यादीत नाव नव्हतं. पाच जणींपर्यंत आम्ही दोन दिवसांत पोचलो. सहावी भाऊबीजेच्या दिवशीच घरी बाळंत झाली होती, सोबत फक्त शेजारची एक म्हातारी. आई आणि मूल सुखरूप होते. त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं. ज्या दोन बायका म्हणत होत्या की आम्हाला अवकाश आहे, त्या खरंच सहाव्या महिन्यात होत्या.

मग बैठक झाली. डॉक्टरसाहेबांनी ती यादी टेबलावर ठेवली. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. "ये लिस्ट किसने बनाई?"

मी उभी राहायला लागले. माझ्या कंत्राटाचे चार महिने उरले होते आणि ते आता चार दिवसही राहणार नाहीत हे मला दिसत होतं. त्याआधीच कौसल्याबाई बोलल्या. बसूनच.

"साहेब, दस्तखत मेरा है. मैंने बिना देखे किया. वही कपाटात ठेवून देली ते म्याच."

"लेकिन मशीन का काम तो..."

"मशीन का काम ये लडकी जानती है. उसी से सुधरवाओ. दुसरा कोई आएगा तो फिर शुरू से सिखेगा."

साहेबांनी यादीची घडी घातली आणि म्हणाले, "ठीक है. पंद्रह दिन."

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं आज म्हणता येतं. दुपारी रुग्ण ओसरले की कौसल्याबाई वही घेऊन यायच्या. त्या वाचायच्या, मी पडद्यावर बघायची. "सरिता. जेठाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी." "तेरा मार्च. आहे." "लता. होळीच्या तीन दिवसांनी." मध्येच त्या थांबायच्या आणि त्या बाईची गोष्ट सांगायच्या. हिचा नवरा नागपूरला कामाले असते. हिले कोणी माती खाऊ नको म्हणत नाही, तूच सांगजो. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन टेबलावर सरकत यायचं. लांब कुठेतरी थ्रेशर घुमत असायचं. मी दोन वर्षं या बायकांची नावं टाइप करत होते, आणि त्या मला आता भेटत होत्या.

फॉर्म मी पुन्हा बनवला. तारखेची एकच चौकट होती, तिच्या तीन केल्या. दिवस वेगळा, वर्ष वेगळं, आणि महिना आकड्यात नाही, नावाने निवडायचा. फेब्रुवारी लिहिलं की कोणतंही मशीन त्याचं मे करू शकत नाही. यादीतही महिना अक्षरात येईल असं केलं. आणि खाली एक रुंद चौकट जोडली, तिच्यावर कुठलाही फॉर्म्युला नाही. बाईने काय सांगितलं ते तिच्या शब्दांत. ती चौकट रिकामी असेल तर फॉर्म पुढे जातच नाही. इतर केंद्रांतले लोक मला विचारायचे, ही कशाला, हिने काय मोजायचं? मी त्यांना सांगायची, हिने आपण मोजलेलं बरोबर आहे का ते बघायचं.

पुढे माझं कंत्राट वाढलं, नंतर मी बालाघाटला आले. आता नवे कार्यक्रम आले आहेत, नोंदी मोबाइलवर होतात, माझा तो फॉर्म कुठेच नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. दुर्गाची मुलगी शाळेत जाते. तिला पाहायला मी मुद्दाम कधी गेले नाही. एकदा रामपायलीच्या मंदिरापाशी दिसली होती, आईचा हात सोडून पायऱ्यांवर धावत होती. दुर्गाने मला ओळखलं आणि हसली. बस एवढंच.

मागच्या आठवड्यात मात्र मी राजेगावला गेले. कौसल्याबाई निवृत्त होऊन तिथेच राहतात. अंगणात बसून तूर निवडत होत्या. पाय आता जास्त ओढतो. मी समोर बसले, सुपातली तूर हातात घेतली आणि खडे वेगळे करत इकडचं-तिकडचं बोलत राहिले. मग म्हटलं, "बाई, त्या बैठकीत तुम्ही सही दाखवून दोष स्वतःवर घेतलात. पण चूक माझी होती. आशाताईंचा निरोप तुम्ही सांगितलात तेव्हा मी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं."

"मले माईत हाय," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही मला कधी काहीच बोलला नाहीत. आपण दोघीच असतानाही नाही."

त्यांनी सूप पाखडलं. फोलपटं उडाली. "बोलली असती तं तू रडली असती. आन् दुसऱ्या दिवसापासून माह्यापासून चुका लपवल्या असत्या. मंग मले पुढची दुर्गा कशी समजली असती?"

मी बराच वेळ खडे वेचत राहिले. शेवटी, जे त्या वर्षीच म्हणायला हवं होतं आणि इतकी वर्षं राहूनच गेलं होतं, ते म्हटलं. साध्या दोन शब्दांत: आभारी आहे. आमच्यात असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे ते म्हणताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दाराकडे वळल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता जेवूनच जाजो."